पहाऱ्याची जागा

ऑफिसात त्याला सगळे आडकाठी म्हणत. कामच तसलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, तो हुक, म्हणजे तपासणीचे नाके, बसवायचा. प्रोग्राम फाईल मागायला आला की तिथं थबकायचं, सुरक्षेच्या नियमांना विचारायचं, होकार आला तरच पुढं. हुक लिहायला चार ओळी पुरतात. तो कुठं बसवायचा, यात त्याचे केस पिकले.

त्याच्या मते जागा एकच होती : फाईल प्रत्यक्ष हाती आल्यावर, ती प्रोग्रामला देण्याआधी. पण तो भाग फाईलवाल्यांचा, आणि त्यांचा मुख्य तिथं कुणाला फिरकू देत नसे.

"अरे आडकाठी," मुख्य म्हणाला, "तुझ्या एका शंकेपायी सगळ्यांनी ताटकळायचं का? अलीकडं बस की. फाईलचं नाव बघ आणि सोड."

"नाव बघितल्यावर त्या नावामागची फाईलच कुणी बदलली तर?"

"तेवढ्या क्षणात? कुणाला एवढी हौस आहे?"

सगळे हसले. तोही हसला, आणि हो म्हणाला.

"निदान हुक बसला तरी," तो घरी म्हणाला.

बायको भाजी निवडत होती. "मग तोंड असं का झालंय?"

पुढं कुणीतरी तो क्षण साधलाच. एका हॉस्पिटलमधल्या रुग्णांची सगळी माहिती उघड्यावर पडली. बैठकीत मुख्यानं पडद्यावर हुक दाखवला. "पहारा यांचा, ओळी यांच्या." खोटं काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात मुख्यानं स्वतः दुरुस्ती केली. सुरक्षेतला कुठलाही बदल आडकाठीच्या मान्यतेशिवाय पुढं जात नसे, म्हणून ती त्याच्याकडंच आली. हुक नेमका त्यानं मागितलेल्या जागी होता. वेगात जाणवेल असा फरक नव्हता. वर मुख्याचं नाव, खाली एक ओळ : मूळ रचनेतली चूक सुधारली.

शेजारचा कुजबुजला, "काका, अडवा की! आज तुमचा दिवस आहे."

त्यानं बराच वेळ खोट शोधली. सापडली नाही. तिकडं हॉस्पिटलची यंत्रं त्या दुरुस्तीसाठी खोळंबली होती.

त्यानं 'मान्य' लिहून पाठवलं. मग चष्मा पुसला, आणि कुठं तरी एखादी चूक निघावी म्हणून तेच पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.