छत्तीस टक्के

चष्मेवाल्यांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते थंडीतल्या एका सकाळी. आमच्या इमारतीखाली त्यांची विजेवरची गाडी उभी होती आणि आत ते कानटोपी, मफलर, वर शाल अशा थाटात स्टिअरिंगशी बसले होते. समोरची काच आतून धुरकटलेली. चष्मे पुसायच्या फडक्यानं ते ती पुसत होते.

मी काचेवर टकटक केली. "हीटर बिघडलाय का हो?"

"नाही बाई, उत्तम आहे. बंद ठेवलाय."

पुढे कळलं, की इमारतीतली मुलं त्यांना 'टक्के' म्हणतात. त्यांच्या बायकोची वेगळीच तक्रार. "पीठ संपत आलं म्हटलं, तर विचारतात किती टक्के उरलंय. आता डब्याला मी काटा कुठून लावू?" हे ऐकून चष्मेवाले हसत नसत, रागावतही नसत. मान हलवत.

कोपऱ्यावर त्यांचं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी माझा नंबर वाढला म्हणून मी तिथे गेले. त्यांनी माझ्या नाकावर ती जड गोल चौकट ठेवली आणि एकेक भिंग घालून बघायला लागले.

"हे बरं की हे?"

"पहिलं."

"आणि आता?"

मी सहज विचारलं, गाडीत गारठून का बसता? त्यांनी भिंग बदललं आणि तशाच आवाजात सांगायला सुरुवात केली.

त्यांची ताई दोनशे दहा किलोमीटरवरच्या गावात राहायची. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. लहानपणी यांना फळ्यावरचं दिसत नाही, हे घरात सगळ्यांत आधी तिच्या लक्षात आलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती दवाखान्यात होती. एका सकाळी भावजींचा फोन आला, "लगेच नीघ. तुझं नाव घेतेय." सात वाजता हे दोघं निघाले. बॅटरी पूर्ण भरलेली. पडद्यावर आकडा होता तीनशे किलोमीटरचा.

"तीनशे म्हटल्यावर दोनशे दहाची काय चिंता? पण तो आकडा पुढचा नसतो बाई, मागचा असतो. महिनाभर मी घर ते दुकान, दुकान ते घर, रमतगमत चालवत होतो. गाडीनं त्यावरून हिशेब केला. मी मोठ्या रस्त्याला लागलो आणि एकशे वीसनं सोडली. हे स्पष्ट की हे?"

"दुसरं."

"थंडीत बॅटरी तशीही कमीच देते. त्यात हिचे पाय गारठले म्हणून हीटर. समोरून वारा. वर चढ. टायरमध्ये हवा कमी होती, ते नंतर कळलं. पण सगळ्यांत जास्त खाल्लं ते वेगानं. दहा किलोमीटर गेलो की आकडा सतरा-अठरानं खाली. ही म्हणत होती, अहो, हळू घ्या. मी म्हटलं, तू गप्प बस."

सव्वाआठला बावीस टक्के उरले आणि सत्तर किलोमीटर बाकी. वाटेतल्या चार्जिंगच्या जागी एकच यंत्र चालू होतं, त्याला दुसरी गाडी लावलेली. पंचवीस मिनिटं वाट पाहण्यात गेली आणि पन्नास मिनिटं भरण्यात. मध्येच बायको म्हणाली, "पुरे, निघू या." पण पुन्हा अडकायचं नाही म्हणून ते पंचाहत्तर टक्के होईपर्यंत थांबले.

दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. ताई नऊ पन्नासला गेली.

"गाडी बंद करताना पडद्यावर बघितलं. छत्तीस टक्के उरले होते," ते म्हणाले.

त्यांनी माझ्या नाकावरची चौकट सरळ केली.

"मग मी बसून गणित केलं. ऐंशीनं गेलो असतो, हीटर बंद ठेवून, तर कुठे थांबावं लागलं नसतं. नऊ अडतीसला पोचलो असतो."

मी जन्मभर मुलांना गणित शिकवलं. मनातल्या मनात वजाबाकी केली. बारा मिनिटं. मग म्हटलं, "तुम्ही घाईतच होता ना."

"हो. शेवटची ओळ वाचा."

मी वाचली. एक अक्षर चुकलं. त्यांनी भिंग बदललं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते भावजींकडे जातात. निघण्यापूर्वी टायरची हवा तपासतात, हीटर बंद ठेवतात, काटा ऐंशीच्या वर जाऊ देत नाहीत. बायको गुडघ्यांवर रजई घेऊन शेजारी बसते. भावजींनी आता अंगणात चार्जिंगची सोय करून घेतली आहे. जेवण होईपर्यंत गाडी भरते. मग चष्मेवाले भावजींच्या चष्म्याचे स्क्रू घट्ट करतात आणि चारच्या सुमारास परत निघतात.