थंडीची गाठ

चंपाक्कांच्या पदराला नेहमी तीन गाठी असत. एकीत माती-शेणखताचे पैसे, दुसरीत रोपांचे आणि तिसरीत थंडीचे. बाजारात निघाल्या की हवी ती गाठ तेवढी पुढं ओढून घ्यायच्या आणि तिच्यात असेल तेवढ्यातच भागवायच्या. "गाठीगाठीत उसनंपासनं चालू द्यायचं न्हाई," म्हणायच्या. "येकदा त्येंची वळख झाली की समदं येका दिसात जातंय."

मी तेव्हा पाचगणीला नवखा होतो. विट्याकडचा, चौथीतून शाळा सोडलेला, बायकोला तिच्या माहेरी ठेवून काम शोधायला वर आलेला. मोटारस्टँडवर कुडकुडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठला रं तू?" विट्याचा म्हटल्यावर "मग आपल्याकडचाच की" म्हणाल्या आणि मला बागेच्या कामाला घेऊन गेल्या. काम आवडलं नाही तर हाकलतील, या भीतीनं मी सुरुवातीला मान वर न करता खणत असे. त्या दारातून म्हणायच्या, "जिमीन पळून चाललीया व्हय? दमानं घे."

त्या सांगलीच्या, जैन घरातल्या. हळदीच्या व्यापाऱ्याची विधवा. एकुलता एक मुलगा नेमू कॉलेजात होता, तिथं त्याला छातीचं दुखणं जडलं. पाचगणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की, थंडी आणि उन्हाळा याला इथंच काढू द्या. आत्ता खाली न्याल तर पुढचा पावसाळा हा बघणार नाही. अक्कांनी दागिने मोडून दोन खोल्यांचं घर घेतलं. उरलं ते पदराच्या तीन गाठींत आलं.

पण नेमूचं मन लागेना. व्हरांड्यातल्या खाटेवरून त्याला समोर नुसती तांबडी उघडी जमीन दिसायची. रोज एकच धोशा, "आई, घरी चल." बाग त्यासाठी होती. हौस वगैरे काही नव्हती. "डोळ्याला धरून ठेवंल असं कायतरी पायजे रं," अक्का मला म्हणाल्या, "न्हाईतर ह्यो येक दिस माज्या आधी मोटारीत जाऊन बसंल."

नर्सरीवाल्या म्हाताऱ्यानं गुलाब लावायला सांगितलं, ते गारठ्याला दाद देत नाहीत म्हणून. आणि बाकी कोवळ्या झाडांवर थंडीत टाकायला गोणपाट आणि ते पानांना टेकू नये म्हणून कामट्या आधीच घेऊन ठेवा, म्हणाला. लढाई चालू होती, रिकामं पोतंसुद्धा महाग झालं होतं. म्हणून ती तिसरी गाठ. आम्ही गुलाब लावले. ते चांगले धरले. नेमूनं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. "ही साहेबाची फुलं. आपल्या परसातला मोगरा असता तर ऱ्हायलो असतो."

अक्कांनी त्याच दिवशी माझ्यासमोर तिसरी गाठ सोडली. मी म्हणालो, "अक्का, ती थंडीची हाय."

"ठावं हाय. पर पोरगं ऱ्हातो म्हणालंय."

मोगऱ्याच्या कुंड्या सांगलीहून मोटारीनं आल्या. रोपं घरचीच होती, सगळा पैसा भाड्यात गेला. त्या दिवशी नेमू खाटेवरून स्वतः उठला. काठी टेकत टेकत एकेका रोपाची जागा दाखवली. "शंकर, ह्याला कळी आल्याबगर आता मी हालत न्हाई," म्हणाला. अक्का चुलीपाशी गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग ती संध्याकाळ आली. वारा एकदम पडला, आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं. शेजारच्या बंगल्यातला माळी कुंपणावरून म्हणाला, "आज दव गोठणार. पाल्याचा धूर करा." मी बागेच्या कडेचा वाळका पाला ओढायला लागलो. अक्कांनी माझा हात धरला.

"त्यात किती जीव गारठ्यानं बसल्यात, बघितलंस का? आपला येक जगवायला त्येंला जाळायचं व्हय रं?"

"अक्का, मग मोगरा जातोय."

"जाऊ दे असं कोण म्हणतंय? पर आग न्हाई."

त्यांनी घरात होती ती सगळी लुगडी आणली. आम्ही दोघांनी ती रोपांवर पांघरली. कामट्या नव्हत्या, कापड पानांनाच टेकलं. माळी कुंपणावरून बघत होता.

सकाळी लुगडी पापडासारखी कडक झाली होती, पांढरी. ती उचलली तर खाली पानं हिरवी दिसली, आणि अक्कांनी हात जोडले. ऊन अंगणात येईपर्यंतच ते. मग पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून लोंबायला लागली. गुलाबांना काहीच झालं नव्हतं.

नेमू रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आई, तू केलंस तेवढं लय झालं. आता चल." डॉक्टरांनी पुन्हा तेच बजावलं. अक्कांनी मान डोलावली आणि घरी येऊन बोचकी बांधायला घेतली. मी विचारलं तर म्हणाल्या, "हितं परक्या जाग्यात मरायला भितंय रं ते. मी किती दिस धरून ठिवणार?"

सांगलीला गेल्यावर नेमू चैत्र लागायच्या आतच वारला. मला ते उशिरा कळलं. मी तोवर इकडं मद्रासला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात लागलो होतो. हे कामही अक्कांचंच. निघायच्या गडबडीत त्यांनी आपल्या भावाला सांगून माझी सोय लावली. मी सोय मागितली नव्हती. मागायचं धाडसच नव्हतं.

सांगलीला निघाल्या त्या दिवशी त्यांना मोटारीवर पोचवायला मीच गेलो होतो. नेमू खिडकीशी बसला होता. इतका खुशीत मी त्याला कधी बघितला नव्हता. ड्रायव्हरला म्हणत होता, "मामा, घाटात जरा दामटा, आईला भ्या वाटू दे." कऱ्हाडला उतरून काय खायचं, घरी गेल्यावर कुठल्या खोलीत खाट टाकायची, एकामागून एक सांगत होता. अक्का त्याची शाल सारखी करत होत्या आणि प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणत होत्या. मोटार सुटली. त्यानं खिडकीतून मला हात केला आणि मागं वळून आईला काहीतरी गमतीचं सांगितलं, आणि त्या हसल्या.