घमेल्याचं तोंड

आमच्या धाकट्या मामांइतका गारांना भ्यालेला माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. सगळा मुलूख पाऊस पडेल की नाही या काळजीत असे, मामा गारांच्या. लहानपणी रानात त्यांची शेळी डोळ्यांदेखत गारपिटीत मेली होती, म्हणून असेल. माघ सरला की टॉवेलची चुंबळ, तिच्यावर पालथं लोखंडी घमेलं, अशा थाटात ते हिंडत. चौसाळ्याच्या बाजारात मी त्यांच्यापासून अंतर राखून चाले. ते त्यांना कळे. वळून म्हणत, "कामून लाजतोस रे? टाळू माझी हाय."

गावच्या दूध सोसायटीचे ते सचिव. दुधाची फॅट मोजून भाव ठरवणं त्यांच्या हातात, म्हणून गाव त्यांचं ऐके. आभाळ भरलं की घमेलं न आणणाऱ्याचं दूध ते घेत नसत. रांगेकडून कवायतही करून घेत: घमेलं पालथं, पाठ भिंतीला. चेअरमननी एकदा सूट मागितली, तर म्हणाले, "गार काय खुर्ची बघून पडती?"

एका दुष्काळात पाण्याच्या टँकरचाही भरवसा उरला नव्हता. फाल्गुनात एका संध्याकाळी, ऐन दूध घालायच्या वेळी, गारा आल्याच. मीही किटली घेऊन रांगेत होतो. मामांनी हाक दिली आणि अख्खी रांग घमेल्यांखाली गेली. काय तो टणटणाट! मामांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात रांगेतल्या मामी अंगणात गेल्या, डोक्यावरचं घमेलं काढून उताणं मांडलं आणि पदर ओढून त्याच्याजवळ बसल्या.

"अगं, डोकं झाक! फुटंल!"

"डोकं रोजचंच हाय. पानी कुठं रोज येतंय?"

बघता बघता सगळी घमेली उताणी झाली. मामा एकटेच ओरडत राहिले. मग त्यांची नजर मामींच्या घमेल्यात साचणाऱ्या पांढऱ्या ढिगावर गेली. स्वतःचं घमेलं काढून त्यांनी ते शेजारी मांडलं. गार लागून कपाळाला खोक पडली ती तेव्हाच.

खोक भरली, लाज भरली नाही. घमेल्याचा नियम त्यांनी बंद केला आणि टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली. कुणी विचारलं तर, "म्हशीनं ढुशी दिली." साऱ्या गावानं पाहिलेली गोष्ट ते गावापासूनच लपवत, आणि गावही मान हलवून म्हशीला नावं ठेवी. एकदाच मला म्हणाले, "लोकांची डोकी राखायला निघालतो रे. पानी बघितलं अन् मीच फिरलो. लई लाज वाटती."

यंदा मामा गेले. टँकर यंदाही सुरूच आहेत. दहाव्यानंतर ओसरीवर बसलो होतो, तर आभाळ काळं झालं. मामींनी मामांचं घमेलं आणून माझ्या हातात दिलं आणि आत गेल्या. पत्र्यावर पहिली गार वाजली. घमेलं मांडीवर धरून मी बसून राहिलो. त्याचं तोंड वर करावं की खाली, हे विचारायला आता कुणी नव्हतं.