जखम त्याच जागी

मारोतीमामांनी सॉकेट काढलं आणि मी कपाळावर हात मारला. जखम परत तिथंच. गुडघ्याखाली, आतल्या बाजूला, चिंचोक्याएवढी.

मी हिंगोलीत कृत्रिम पाय बनवतो. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. ती नीट बसली नाही की कातडी सोलते. मामांची वाटी मी तीनदा नवी केली होती. माझ्यासमोर गडी झकास चालायचा आणि पंधरा दिवसांनी जखम घेऊन हजर!

"मामा, फार चालता का?"

"चालावंच लागतंय सायब. मेंढरं काय एका जागी चरतेत?"

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम जखम बघून वैतागल्या. "जखम चिघळली तर गुडघाही जाईल. त्यांना मेंढरं विकायला सांगा."

मामा ऐकत होते. "इकून करू काय? ट्रकनं पाय नेला, तवा कुबड्या घिऊन मेंढरांमागं फिरलो. आता पाय हाय, तर काहून घरी बसू?"

चूक कुठं होतेय तेच कळेना. बावीस वर्षांचा अनुभव, आणि डोकं पार बंद. शेवटी रविवारी जवळा बाजार गावाच्या पुढं, मामा मेंढरं चारत होते तिथं गेलो.

लांबूनच दिसले. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, एका पायावर उभे. दुसऱ्या पायाचा तळवा उभ्या पायाच्या गुडघ्याखाली आतून टेकवलेला. आमच्याकडे मेंढरांमागची माणसं अशीच तासन्‌तास उभी राहतात. जवळ गेलो आणि चमकलोच. मामा उभे होते ते मी बनवलेल्या पायावर. तळव्याचा सगळा दाब जखमेच्याच जागी.

"मामा, चांगला पाय सोडून याच्यावर काहून?"

"चांगला एकच राहिला ना सायब. त्याला जपून राहिलो."

मला राग आला होता, तो तिथंच विरला.

"मग बसून राखत जा."

"बसल्यावर तुरीत शिरलेली मेंढी दिसते व्हय?"

सोमवारी त्यांना काठीसकट बोलावलं. त्यांच्या पद्धतीनं उभं करून माप घेतलं, आत त्या जागी मऊ पॅड बसवलं. मधूनमधून पाय बदलायचं कबूल करून घेतलं. महिन्याभरात जखम भरली. मेंढरं मामांकडेच आहेत.

तीनदा मी त्यांना चालायला लावून तपासलं होतं. उभं राहून दाखवा, असं एकदाही म्हणालो नव्हतो.