एकाच रंगाचे टॉवेल

ओल्या टॉवेलाचा वास मला आजही सहन होत नाही. हॉटेलात गेले तर आधी टॉवेल हुंगते आणि मग खिडकी उघडते. नवरा हसतो. हसू दे बापडा. त्याला स्वतःचा वेगळा खिळा आणि खिळ्यावर स्वतःचा वेगळा टॉवेल असलेलं बालपण मिळालं. मी सोलापुरात वाढले, जिथले टॉवेल साता समुद्रापार जातात, आणि तिथंच मी दुसऱ्याच्या ओल्या टॉवेलानं अंग पुसलं.

ते घर काकांचं. काका म्हणजे आईचे दुसरे यजमान. बाबा गेले तेव्हा मी अगदी लहान होते. आई एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती, आणि आम्ही दोघी भाड्याच्या दीड खोलीत ऐसपैस राहत होतो. मी तेरा वर्षांची असताना तिनं काकांशी लग्न केलं. काका अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर. त्यांची पहिली बायको वारलेली. माझ्याहून वर्षानं मोठी एक मुलगी आणि आठ वर्षांचा एक मुलगा. त्या मुलाचं नाक मी कधी कोरडं पाहिलं नाही.

लग्न ठरवायला काकांची मोठी बहीण मोहोळहून आली होती. चहा झाल्यावर ती आईला आतल्या खोलीत घेऊन गेली, पण दार लावायचं तिला सुचलं नाही.

"राग मानू नगा बाई, पण इचारल्यालं बरं," ती म्हणाली. "अंगावर कुटं डाग-बिग, खाज-बिज तर न्हाय न्हवं? न्हाय, आमच्या घरात लेकरं हायती, म्हणून म्हनलं."

"छे हो, काही नाही," आई म्हणाली.

मी बाहेर खुर्चीवर बसून सगळं ऐकलं. बाजारात म्हैस घेतानाही माणूस जरा लाजून कास बघतो. मला त्या बाईची अशी शिसारी आली की तिनं जाताना गालावरून हात फिरवला तेव्हा मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

काकांच्या घरात दोन खोल्या, एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि सगळ्यांत मिळून एकच बाथरूम. कोण कुठं झोपणार ते पहिल्याच रविवारी जेवताना ठरलं. काकांनी भाकरीवर शेंगाचटणी घेतली, त्यावर तेल ओतलं आणि बोटानं कालवता कालवता निकाल दिला. "पोरी एका खोलीत. बारका हॉलमध्ये. आमी दोगं हिकडं. झालं."

मी म्हटलं, मला हॉल चालेल, मी एकटी झोपते.

"वयात आलेल्या पोरीनं हॉलमध्ये झोपायचं?" काका म्हणाले. "येणारं-जाणारं काय म्हणंल?"

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं त्याचं काय झालं ते कळेलच.

मग मी बाथरूमचं विचारलं. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं, हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. त्यामुळं बाथरूममध्ये एक निळं बॅरल असायचं आणि घरादाराची अंघोळ त्यातूनच. काका पहिले, कारण शिफ्ट. मग बारका, मग आम्ही दोघी, शेवटी आई. प्रत्येकजण साबणाच्या हातानंच प्लॅस्टिकचा मग बॅरलात बुडवायचा. माझी पाळी येईपर्यंत पाण्यावर एक पातळसा पांढुरका तवंग आलेला असायचा, आणि साबणाच्या वडीवर कुणाचा तरी केस, चांगला वेटोळं घालून बसलेला. तो नखानं काढायचा की तसाच अंगाला लावायचा, एवढंच आपल्या हातात.

आणि ते टॉवेल. कारखान्यात एखाद्या मालाची किनार तिरकी आली, धागा सुटला, की तो सेकंड म्हणून बाजूला पडतो. काका तो घरी आणायचे. एका खेपेला आलेले सगळे पिस्ता रंगाचे. पॅसेजमधल्या दोरीवर पाच टॉवेल, पाचही सारखे, पाचही ओलसर. ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. बारका तर येताजाता त्यांना नाक पुसायचा.

"माझा कुठला?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

काका खदाखदा हसले. "समदेच तुजे की! घरात काय परकं हाय का कोन?"

मी एक टॉवेल ढापला आणि आपल्या गादीखाली लपवला. आठवड्याभरात त्याला असा कुबट वास सुटला की तो मीच उचलून परत दोरीवर टाकला.

खोलीचं सांगायलाच नको. काकांची मुलगी डोक्याला खोबरेल थापायची आणि तशीच झोपायची. उशी तेलकट, चादर तेलकट, भिंतीवर डोकं टेकायची त्या जागी तेलाचा गोल. तोंड उघडं टाकून झोपायची. माझा कंगवा न विचारता घ्यायची आणि केसांसकट परत ठेवायची. मी काही बोलले की एकदा बघायची आणि गप्प बसायची. भांडण्याचीही सोय नव्हती. आईला ती मावशी म्हणायची. सकाळी मला तीन हाका मारल्याशिवाय मी उठत नाही अशी माझी ख्याती, पण तिच्यापुढं मी काहीच नव्हे. ती सात वाजले तरी हलायची नाही. आई पाचला उठून सगळ्यांच्या भाकऱ्या करायची आणि ही बया घोरत पडलेली. आळशी आणि घाणेरडी, असं मी तिचं वर्गीकरण करून टाकलं होतं.

उन्हाळ्यात माझ्या मांडीवर गोल उठला. लाल, कडेनं खवले, आत जरा फिकट. नायटा. मी किंचाळलेच. अंगात कुणीतरी दुसरंच राहायला आल्यासारखं वाटलं. टॉवेल, साबण, बॅरल, चादर, सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी चिडून बाथरूमचा कोपरान् कोपरा धुंडाळायला लागले. झरोक्याच्या कडेवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, मलमाची एक ट्यूब सापडली. पिळून पिळून चपटी झालेली.

ती दोन बोटांत धरून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. काका कामावर होते. आई पीठ मळत होती. मुलगी खाली बसून लसूण सोलत होती.

"ही कुणाची?"

आईचे हात पिठात थांबले. मुलीनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं, जरा जास्त वेळच पाहिलं. मग परत लसणाकडं वळून म्हणाली, "माजी हाय."

"मला वाटलंच होतं!" मी ओरडले. आणि पुढं बरंच काही म्हटलं, ज्यात तेल, केस, घाण आणि मोहोळ हे चारही शब्द होते.

आई परत पीठ मळायला लागली आणि खाली बघूनच म्हणाली, "बरं होईपर्यंत तिचं अंथरूण हॉलमध्ये टाकू. टॉवेलही वेगळा करू."

तिनं स्वतः एका टॉवेलाच्या कोपऱ्याला लाल दोरा बांधला. मुलीची अंघोळ सगळ्यांत शेवटी गेली. तिला फुटक्या कडेचा वेगळा मग मिळाला. बारक्याला सांगितलं, ताईजवळ लोळायचं नाही. काकांनी संध्याकाळी ऐकलं, मान हलवली आणि "बरं" म्हणाले. वयात आलेली पोर हॉलमध्ये झोपली आणि येणारं-जाणारं कुणी काही म्हणालं नाही. मी पूर्ण खोलीत हातपाय पसरून झोपले. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

महिना झाला तरी माझा गोल जाईना. दुसरा उठला. मग बारक्याच्या मानेवर एक. शेवटी काका वैतागले. "समदीच जावा की एकदा डाक्टरकडं." आई आम्हा तिघांना रिक्षात घालून घेऊन गेली.

डॉक्टर वयस्कर बाई होत्या, तोंडानं फटकळ. माझं पाहिलं, बारक्याचं पाहिलं, मग काकांच्या मुलीला पडद्याआड नेलं. बाहेर येऊन हात धूत म्हणाल्या, "हिला काहीच नाही. झालेलंही नाही कधी. झालं असतं तर डाग राहिला असता."

मी त्या मुलीकडं पाहिलं. ती भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होती.

"घरात मेडिकलमधून आणून मलम कोण लावतं?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यानं वरून बरं वाटतं, आतून पसरत राहतं. आई, तुम्ही या आत."

"मला काही नाही," आई म्हणाली. लग्न ठरवताना म्हणाली होती, अगदी त्याच आवाजात.

"या म्हटलं ना."

पडदा कडेला नीट सरकत नव्हता. आईनं निरी सैल केली आणि परकराची नाडी खाली ओढली. कमरेभोवती, नाडीच्या जागी, काळपट जाड पट्टा होता, अर्ध्या पाठीपर्यंत गेलेला.

"दोन वर्षांचं तरी जुनं आहे हे," डॉक्टर म्हणाल्या.

लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं मी आणि आई त्या मोहोळच्या आत्याबाईला हसत होतो. मला आईची किळस आली. कमरेचा पट्टा पाहून आली नसती, माझ्या मांडीवरही तेच होतं. पण तो लाल दोरा तिनं स्वतःच्या हातानं बांधला होता आणि महिनाभर रोज दोरीवर पाहिला होता. दुपारी सगळ्यांचे टॉवेल एकत्र घडी घालताना तो एक वेगळा ठेवला होता.

घरी आल्यावर आई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. मुलगी हॉलमध्ये आपल्या गुंडाळलेल्या अंथरुणावर बसली. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"तुला माहीत होतं?"

"व्हय. लावताना बगितलंवतं. कवाच."

"मग तुझी म्हणून का सांगितलंस?"

तिनं खांदे उडवले. "आत्याला कळलं असतं. खोटं बोलून आली म्हणली असती, धाडा परत म्हणली असती. अन् पप्पा आत्याच्या शब्दाबाहेर न्हाईत."

"गेलो असतो आम्ही. तुझं काय गेलं असतं?"

"भाकऱ्या कुणी केल्या असत्या?" ती म्हणाली. "मीच की. मम्मी गेल्यापासनं तीन वर्षं केल्या. पाचला उठून. हाताला फोड यायचे. आता सातपर्यंत झोपते. हॉलमध्ये का असंना."

स्वयंपाकघरातली थपथप बंद पडली होती. जरा वेळानं परत सुरू झाली.

काका आले, हातपाय धुतले, दोरीवरचा पहिला टॉवेल ओढून तोंड पुसलं आणि पाटावर बसले. "काय म्हणली डाक्टरीण?"

"उन्हाचं आहे," आई म्हणाली. "गोळ्या दिल्यात. सगळ्यांनीच घ्यायच्यात."

"आन् हिचं?" काकांनी मुलीकडं बोट केलं.

मी आईकडं पाहिलं. अजून वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं.

"तिचं बरं झालं," आई म्हणाली.

काकांनी मान हलवली. मुलीनं ताट पुढं केलं.

"मावशी, आनखी एक वाढा."

आईनं तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी उचलून तिच्या ताटात घातली.