आगलावे मास्तर

वैमानिकांना शिकवणाऱ्या त्या मास्तरांना पाठीमागे सगळे 'आगलावे' म्हणायचे. आडनाव ते नव्हतं. काम तसं होतं. एका उंच हॉलमध्ये लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या नकली कॉकपिटमध्ये ते वैमानिकांना बसवायचे आणि पडद्यावरचं विमान धावपट्टीवर भरधाव सुटलं, की ऐन वेळी एक इंजिन पेटवून द्यायचे. समोरच्याला घाम फुटायचा. हे मागच्या खुर्चीत गोळी चघळत म्हणायचे, "घाबरतोस काय? दुसरं इंजिन काय शोभेला लावलंय?"

खऱ्या विमानात मात्र त्यांचं इंजिन कधीच बंद पडलं नव्हतं.

लेकीच्या बाळंतपणाला ते बायकोबरोबर निघाले होते. जागा पार मागे, बायको उजव्या खिडकीशी. विमान नाक उचलणार एवढ्यात डावीकडे धाडकन आवाज झाला. विमान डाव्या अंगाला ओढलं गेलं, मग सरळ झालं.

"अहो, पाय! माझा पाय चिरडताय!"

मास्तरांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला होता. विमान सरळ ठेवायला पुढे वैमानिकही तेच करत असणार.

"काय झालं हो?"

"डावं इंजिन गेलं."

"मग थांबवत का नाहीत?"

"आता धावपट्टी पुरणार नाही. एका वेगापुढे गेलं की उडायचंच. एका इंजिनावर चढतं विमान, तेवढी ताकद त्यात असते."

"मग माझा पाय अजून का दाबून धरलाय?"

मास्तरांनी पाय बाजूला घेतला.

विमान हळूहळू चढत राहिलं. पुढून मात्र एक शब्द नाही. पुढचे दोघे कामात गुंतलेत, हे मास्तरांना ठाऊक होतं. आधी विमान सांभाळा, बाकी नंतर, असं तेच शिकवत आले होते. पण इकडे मागे कुणीतरी हुंदके देत होतं आणि सगळे कॉकपिटच्या बंद दाराकडे बघत होते. मास्तरांना वाटलं, अरे, तोंड उघडा की कुणीतरी!

शेवटी आवाज आला. "एक इंजिन बंद केलंय. दुसऱ्यावर विमान व्यवस्थित चाललंय. आपण परत उतरतोय." हुंदके थांबले. विमान सुखरूप उतरलं.

दुपारच्या विमानात बायको आधी चढली. तिच्यामागून मास्तरही गेले. पोहोचले तेव्हा नात झालेली होती.

सुट्टीनंतर नकली कॉकपिटमध्ये त्यांनी नेहमीसारखं इंजिन पेटवलं. समोर शिकायला बसलेली पोरगी हुशार होती. विमान सरळ ठेवून तिने चढवलं, इंजिन बंद केलं, सगळं तपासलं.

"झालं, सर."

"मागच्यांना सांगितलंस?"

"मागे कोण आहे, सर? मागे भिंत आहे."

"तरी सांग."

ती ओशाळून काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने बोल," मास्तर म्हणाले. "एवढ्याने कुणाला धीर येत नाही."

तिने माइक जवळ घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.