टोरीच्या तेलातले दाणे

दरेकशाच्या सुखवंताबाईचं तेल डोळे मिटून घ्यावं, असा तिचा लौकिक होता. टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, ती स्वतः वेचायची, फोडायची, आणि घाण्यापाशी ठाण मांडून तेल काढून आणायची. १९५६च्या कार्तिकात त्या लौकिकावर पाणी पडलं.

मुलगी गिरजाचं लग्न ठरलं होतं. वरपक्षाच्या पंगतीसाठी सुखवंताने कौतुकाने तेलाचा डबा पाठवला. थंडी पडली आणि डब्याच्या तळाशी पांढरे दाणे बसले. विहीण सुशिलाबाईने डबा परत पाठवून निरोप धाडला: यात जनावराची चरबी आहे, सोयरीक मोडली समजा. गिरजाने अंथरूण धरलं. सुखवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दीर श्यामलाल गोंदियाच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याने डबा उघडून पाहिला.

"वहिनी, तेलाच्या एकेका कणात तीन-तीन स्निग्ध आम्लं जोडून राहतात. काही घट्ट, काही पातळ. झाड सारी घट्ट एकाच कणात कोंबत नाही, वाटून देते. पण ज्याच्यात दोन घट्ट आली, तो कण थंडीत आधी गोठते अन खाली बसते."

"पंगतीत वाढल्यासारखं," सुखवंता म्हणाली. "सगळ्यांच्या पानात सगळं, पण कोणाच्या पानात भात जास्त."

"तसंच."

श्यामलालने हेच जाऊन सुशिलाबाईला सांगितलं; तिने ऐकून घेतलं आणि झटकून टाकलं. मास्तर त्यांच्याच घरचा, तो दुसरं काय सांगणार?

मग सुखवंता तोच डबा घेऊन स्वतः व्याह्यांच्या दारात गेली. "टोरी तुमची, घाणा तुमच्या गावचा, भांडं तुमचं. मी हात लावत नाही. माझ्या डब्याशेजारी आठ दिवस ठेवून पाहा."

ताजं तेल नितळ निघालं. सुशिलाबाईने ते अख्ख्या आळीला दाखवलं. सुखवंता घरी परतली.

नवव्या दिवशी सुशिलाबाई तोच डबा आणि स्वतःचं भांडं घेऊन दरेकशाला आली. भांड्याच्या तळाशी तसेच पांढरे दाणे होते. चार बायांदेखत तिने सुखवंताच्या डब्यातले दाणे पळीने खरवडून कढईत टाकले, पुरी तळली आणि खाल्ली.

सुखवंताला रडू आलं, तरी मनात घोळवलेलं वाक्य तिने सोडलं नाही.

"विहीणबाई, तुमच्या मोहाले कोणतं जनावर बांधलं होतं?"

सुशिलाबाईने घास गिळला. "बोला, मले ऐकाच लागते," ती म्हणाली. "अन गिरजाले उठवा. माझ्या सुनेच्या हातची एक पुरी खाऊन जातो."